राजाभाऊंच्या आठ अटी

सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या इंदुमती सबनीस, म्हणजे सगळ्यांच्या काकू, दर रविवारी दहा ते एक मराठी मंडळाच्या हॉलमध्ये टेबल मांडून बसत. टेबलावर वधू-वरांची वही, वहीवर चष्म्याची डबी आणि डबीवर काकूंचा हात. हात उचलला की समजावं, आता स्थळ सांगणार. एकोणीस वर्षांत त्यांनी दोनशे सात लग्नं जमवली होती. दिल्लीतल्या निम्म्या मराठी जावयांना त्यांचे सासरे काकूंनी मिळवून दिले होते. उरलेले निम्मे अजून नाव नोंदवून वाट बघत होते.

काकूंची पद्धत ठरलेली. मुलाचा बाप समोर बसून अटी सांगायचा. काकू त्या ऐकून घ्यायच्या आणि मग वही पहिल्या पानापासून उघडायच्या. मधलंच पान काढून बघितलं असं कधी झालं नाही. एका पानावर एक मुलगी. बोट नावावर, ओठ मिटलेले, आणि मनाशी एकच प्रश्न: चालेल की नाही. चालेल असं वाटलं तर त्या पानात एक पट्टी. या पट्ट्या जमलेल्या लग्नांच्या पत्रिका कापून केलेल्या, त्यामुळे वहीतून सोनेरी गणपतींच्या अर्ध्यामुर्ध्या सोंडा डोकावत असत. शेवटचं पान झालं की पट्टीवाली नावं एका चिठ्ठीवर उतरवायची, पट्ट्या परत त्यांच्या डबीत टाकायच्या आणि वही मिटायची. वहीतलं एक अक्षर हलायचं नाही.

हे सगळं सुरळीत चाललं होतं ते राजाभाऊ टिपणीस यमुनेपलीकडे राहायला जाईपर्यंत.

राजाभाऊ पूर्वी काकूंच्या मागच्याच ब्लॉकमध्ये राहत. नरसिंहराव सबनीस, म्हणजे काकूंचे यजमान, आणि राजाभाऊ एकाच ऑफिसात होते. डबासुद्धा एकत्र खात. मग नव्वदनंतर वारं फिरलं, खासगी कंपन्यांनी सरकारी माणसांना हाका मारायला सुरुवात केली, आणि राजाभाऊंनी ओ दिली. आता नोएडात सातव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता, लिफ्ट होती, आणि गेटवर सलाम ठोकणारा गार्ड होता. पूल ओलांडून गेलेल्या माणसाला अलीकडचं सगळं जुनाट दिसायला लागतं. गेल्या वर्षी ते मंडळाचे अध्यक्ष झाले. पहिल्या महिन्यात त्यांनी स्टीलचे पेले काढून कागदी कप आणले. दुसऱ्या महिन्यात ताटलीतला बटाटेवडा जाऊन खोक्यातला आला. तिसऱ्या महिन्यात त्यांची नजर वहीवर गेली.

"काकू, दोन हजार सहा साल चालू आहे," ते म्हणाले. "वही कुठवर सांभाळणार? कंप्युटरवर घेऊ."

"मला कुठे येतं ते."

"अहो, तुम्हाला यायची गरजच नाही."

माणूस प्रेमानं बोलला होता. पण काकूंना ते वाक्य माशाच्या काट्यासारखं घशात राहिलं. वर कमिटीनं ठरावच केला: सबनीसांच्या वरच्या क्वार्टरमधली साधना चौबळांची वैभवी वहीतली नावं कंप्युटरवर घेईल, दिवाळीच्या आधीच्या रविवारी सगळ्यांसमोर राजाभाऊंच्या मुलासाठी, धीरजसाठी, स्थळं काढून दाखवण्यात येतील, आणि ते जमलं तर वही कपाटात जाईल. टेबलाचं काय करायचं असं कुणीतरी विचारलं. राजाभाऊ म्हणाले, खोकी ठेवायला लागेलच.

वैभवी चोवीस वर्षांची. रोज सकाळी आठच्या चार्टर्ड बसनं नोएडाला जायची आणि तिथल्या एका कंपनीत प्रोग्राम लिहायची. ती लहान असताना साधना ऑफिसला गेली की काकूंकडेच जेवायची, त्यामुळे तिच्यावर राग धरणं काकूंना जमण्यासारखं नव्हतं. पंधरा दिवस ती संध्याकाळी येऊन वही उतरवून घेत होती. मराठी वाचताना मध्येच अडायची आणि काकू स्वयंपाकघरातून शब्द सांगायच्या. आपल्याच पायाखालची फरशी आपणच उचलून देतोय, हे काकूंना कळत होतं; पण पोरीनं विचारल्यावर सांगणार नाही, असंही होत नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी काकू लाडवांसाठी बेसन चाळत होत्या. नरसिंहराव पेपर धरून बसले होते. वैभवी ऑफिसचा लॅपटॉप घेऊन आली आणि ओट्याशेजारच्या स्टुलावर बसली.

"काकू, हो गया. एकसष्ट मुली एका रांगेत उभ्या केल्यात. आता फक्त फिल्टर लावायचा."

"पाण्याला लावतात तो?"

"नाही हो. फिल्टर म्हणजे तुम्हीच समजा. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत जातो, एकही सोडत नाही. पण त्याला स्वतःचं डोकं नाही."

"मग मी कशी?"

"सुनो तो. डोकं आपण त्याला वेगळं देतो. एक छोटं फंक्शन लिहायचं आणि फिल्टरच्या हातात ठेवायचं. तो प्रत्येक नावाशी थांबतो आणि त्या फंक्शनला हाक मारून विचारतो, ही चालेल? ते हो म्हणतं नाहीतर नाही म्हणतं. हो आलं की नाव नव्या लिस्टमध्ये. नाही आलं की पुढची मुलगी. जुनी लिस्ट जशीच्या तशी राहते."

"म्हणजे वही फाडत नाही," काकू म्हणाल्या. एवढं एक त्यांना बरं वाटलं.

पेपर खाली आला. "म्हणजे फिल्टर हा चपराशी झाला," नरसिंहराव म्हणाले. "फाइल उचलायची, साहेबापुढे ठेवायची, साहेबानं काय लिहिलंय ते बघायचं, की दुसरी फाइल. साहेब कोण आहे याच्याशी त्याला घेणं नाही."

"बिल्कुल, काका. आज साहेब म्हणजे राजाभाऊ अंकलच्या अटी, उद्या दुसऱ्या कुणाच्या. चपराशी तोच."

"आणि साहेबानं काहीच न लिहिता फाइल परत केली तर?"

"तर नाही धरतो."

"आणि 'चर्चा करावी' असं लिहिलं तर?"

वैभवीनं जरा विचार केला. "काहीतरी लिहिलंय ना, मग हो धरतो."

"तुझ्या कंप्युटरला सरकारी नोकरी मिळायची नाही," नरसिंहराव म्हणाले आणि पेपर पुन्हा वर गेला. "आमच्याकडे 'चर्चा करावी' म्हणजे नाही. आणि काहीच लिहिलं नाही म्हणजे साहेब एलटीसीच्या रजेवर."

काकूंनी हातातली चाळणी थांबवली. "एक सांग. पीठ चाळलं की खाली पडतं ते आपण घेतो आणि वर राहिलेला कोंडा टाकतो. गहू चाळले की वर राहतात ते घेतो, खाली पडते ती माती. चाळणी तीच. तुझ्या चाळणीला कसं कळतं, पीठ आहे की गहू?"

"तिला नाही कळत. फंक्शननं हो म्हटलं ते ठेवायचं, बस्स. हो म्हणजे ठेव."

"बरं. आणि राजाभाऊंच्या अटी?"

वैभवीनं एक कागद पुढे केला. राजाभाऊंनी फोनवर सांगितल्या आणि तिनं तशाच लिहून घेतल्या होत्या. वय सव्वीसच्या पुढे. चष्मा. शिफ्टची नोकरी. पत्रिका काढलेली नाही. मराठी लिहिता येत नाही. वडील अजून सरकारी क्वार्टरमध्ये. उंची धीरजच्या कानाच्या वर. घर मुनिरकाच्या पलीकडे.

काकूंनी कागद दोनदा वाचला. चाळणीतून बेसन आपोआप गळत राहिलं.

एकोणीस वर्षांच्या अनुभवातून काकूंना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: अटी सांगा म्हटलं की मुलाचा बाप कधीही काय हवं ते सांगत नाही. नको काय ते सांगतो, आणि नको हा शब्दसुद्धा उच्चारत नाही, कारण तो गृहीतच असतो. 'चष्मा,' असं नुसतं म्हणून तो थांबतो आणि भुवया उंचावतो. ती भुवई काकू वाचायच्या. फोनवर भुवई दिसत नाही.

"या अशाच घातल्यास आत?" काकूंनी विचारलं.

"हो. आधी आठही जुळायला हव्यात असं ठेवलं होतं, तर एकही नाव निघेना. मग आठांपैकी एक जरी जुळली तरी हो, असं केलं." वैभवी जरा लाजून हसली आणि स्वतःचा चष्मा वर सरकवला. "काकू, मला तर राजाभाऊ अंकल एकदम वेगळेच वाटले. मी समजत होते, ते पुराने खयालात के. आणि बघा, वय जास्त चालेल, चष्मा चालेल, शिफ्ट चालेल, पत्रिकेची झंझटच नाही."

काकूंनी तोंड उघडलं. पोरी, हा कोंडा आहे, तू पीठ म्हणून ठेवते आहेस, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. वैभवीनं दोन मिनिटांत दुरुस्त केलं असतं. उद्या कंप्युटर बिनचूक चालला असता, वही कपाटात गेली असती, आणि टेबलावर खोकी आली असती.

तुम्हाला यायची गरजच नाही.

काकूंनी तोंड मिटलं आणि चाळणी हलवायला लागल्या. उद्या सगळ्यांसमोर यादी वाचून होऊ दे, मग आपण उठायचं, चाळणीचा प्रश्न विचारायचा आणि खाली बसायचं. पुढचं लोकच बोलतील.

वैभवी वर गेल्यावर नरसिंहराव म्हणाले, "तिसऱ्यांदा चाळते आहेस ते बेसन."

"गुठळ्या आहेत," काकू म्हणाल्या.

रविवारी राजाभाऊंच्या गाडीतून मॉनिटर आला. टोलचा पूल ओलांडताना हादरे बसू नयेत म्हणून तो दुलईत गुंडाळला होता, आणि मागच्या सीटवर धीरज त्याला लेकरासारखा धरून बसला होता. धीरज सत्तावीस वर्षांचा, उंचीनं बेताचा, स्वभावानं गरीब. आपल्यासाठी काय निवडलं जाणार आहे याची त्याला फारशी उत्सुकता दिसली नाही. मॉनिटर उतरवून तो कोपऱ्यात वड्याचं खोकं उघडून उभा राहिला.

हॉल भरला होता. ज्यांच्या मुली वहीत होत्या ती सगळी घरं आली होती, आणि ज्यांचं वहीत कुणी नव्हतं ती गंमत बघायला आली होती. मॉनिटर काकूंच्याच टेबलावर ठेवला. काकूंना बाजूची खुर्ची मिळाली. वही त्यांनी मांडीवर घेतली.

राजाभाऊंनी भाषण केलं. त्यात नवा जमाना तीनदा आला आणि पारदर्शकता दोनदा. मग ते म्हणाले, "काकूंच्या वहीतून आजवर कधी चारपाचाच्या वर स्थळं निघाली नाहीत. आता बघा. वैभवी, चलो."

वैभवीनं एक कळ दाबली. काकूंना एकसष्ट पानं उलटायला पाऊण तास लागायचा. इथे पापणी लवायच्या आत खाली आकडा आला: सत्तावन्न.

हॉलमध्ये टाळ्या. राजाभाऊंनी छाती भरून घेतली. "एकसष्टपैकी सत्तावन्न. याला म्हणतात टेक्नॉलॉजी." प्रिंटरमधून निघालेला कागद त्यांनी हातात घेतला, चष्मा लावला, आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"एक. क्षिप्रा दिघे."

क्षिप्रा नोएडाच्या एका न्यूज चॅनेलवर काम करायची. वय अठ्ठावीस, चष्मा, रात्रपाळी, पत्रिका नाही. वहीतलं सगळ्यात जुनं पान तिचं. चार वर्षांत काकूंनी त्या पानात कितीदा पट्टी घातली होती, आणि कितीदा मुलाच्या बापाची भुवई बघून परत काढली होती. आता दुसऱ्या रांगेत बसलेली तिची आई, प्रभा दिघे, ताठ झाली.

"दोन," राजाभाऊ म्हणाले, आणि नाव वाचलं. तिसरं वाचताना आवाज जरा खाली आला. चौथी मुलगी धीरजपेक्षा वीतभर उंच होती, हे हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पाचव्या नावाशी राजाभाऊ थांबले. कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

काकूंनी ओळखलं, कळलं याला. त्यांनी पदर सारखा केला. वाक्य कालपासून तयार होतं.

पण त्यांच्या आधी प्रभा दिघे उभी राहिली.

"राजाभाऊ, मध्येच बोलते, माफ करा. माझ्या मुलीचं वय आम्ही कधी लपवलं नाही. अठ्ठावीस. चष्मा आहे. पत्रिका आम्ही काढलीच नाही. रात्री दोनला घरी येते. ज्याला त्याला हे सांगून झालं, आणि ज्याचा त्याचा चहा पिऊन झाला. आज पहिल्यांदा कुणाच्या यादीत तिचं नाव आलं, आणि तेही पहिलं." ती खाली बसली, चष्मा काढून पुसायला लागली, आणि बराच वेळ पुसत राहिली.

मागून कुणीतरी म्हणालं, "अध्यक्ष असावा तर असा." उंच मुलीचे वडील, जे पाच वर्षं कुठल्याही सभेत बोलले नव्हते, ते उठून राजाभाऊंशी हात मिळवायला आले. बायका आपसांत म्हणायला लागल्या, बघा हो, आम्ही उगाच नोएडावाले नोएडावाले करत होतो. टाळ्या पहिल्यापेक्षा मोठ्या झाल्या. राजाभाऊंच्या चेहऱ्यावर हसू आणायचा प्रयत्न चालला होता. ते एका गालावर आलं, दुसऱ्यावर आलं नाही.

आणि काकू तर उभ्या राहिल्या होत्या. सगळा हॉल त्यांच्याकडे बघायला लागला.

आता बोलायचं होतं ते एवढंच: ही यादी हव्या असलेल्या मुलींची नाही, नको असलेल्यांची आहे. सत्तावन्न घरं समोर बसलेली. एकोणीस वर्षं काकूंनी लोकांच्या हरकती कानात घेतल्या होत्या आणि तोंडावाटे एकही बाहेर सोडली नव्हती. मुलीकडच्यांना त्या सांगायच्या, यंदा योग नाही म्हणतात. मुलाची बदली होते आहे. आजी आजारी आहे. एका मुलाची एकच आजी त्यांनी तीन वेळा आजारी पाडली होती. चष्मा नको म्हणाले, असं त्या आजवर कुणाही आईला बोलल्या नव्हत्या. वही वही म्हणतात ती काय, कागद होता. त्यांचं सगळं काम म्हणजे ही न बोललेली गोष्ट होती.

प्रभा अजून चष्मा पुसत होती.

"यादी बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "वाचा ना, राजाभाऊ. थांबलात का? सगळी वाचा."

राजाभाऊंनी सत्तावन्न नावं वाचली. प्रत्येक नावाला त्या त्या कोपऱ्यातून टाळ्या पडल्या. मग ठराव झाला, वही कपाटात ठेवावी. विरोधात कुणीच नव्हतं. काकूंनी वही स्वतःच नेऊन ठेवली, पट्ट्यांची डबी तिच्यावर ठेवली, आणि किल्ली राजाभाऊंच्या हातात दिली.

चहाच्या वेळी राजाभाऊंनी वैभवीला खांबाआड गाठलं. काकू कागदी कप घेऊन तिथेच उभ्या होत्या, त्यांना हलायची गरज वाटली नाही.

"अगं, उलटं झालंय हे," राजाभाऊ दबक्या आवाजात म्हणाले. "हे सगळं नको होतं मला."

वैभवी बघतच राहिली. "म्हणजे अंकल, चष्मा... नको होता?" आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या चष्म्याकडे गेला.

"तसं नाही गं. म्हणजे तुझा वेगळा. मी आपलं जनरल बोलत होतो."

लॅपटॉप उघडून तिनं एका ओळीच्या सुरुवातीला एक चिन्ह घातलं.

"एवढंच?" राजाभाऊ म्हणाले. "एक उद्गारचिन्ह?"

"एवढंच. आता हो म्हणजे नाही, आणि नाही म्हणजे हो." कळ दाबली. चार नावं आली.

"चार तर चार," राजाभाऊंनी सुटकेचा श्वास सोडला. "पहिली कोण?"

"तिचा साखरपुडा झालाय," काकू चहाचा घोट घेऊन म्हणाल्या. "लग्न होईस्तो नाव काढू नका म्हणाली तिची आई, दृष्ट लागते म्हणे."

"दुसरी?"

"कॅनडाला गेली. मार्चमध्ये."

"तिसरी तर..." राजाभाऊंनी नाव वाचलं. ती त्यांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी होती.

"चौथीच्या घरच्यांनीसुद्धा अटी दिल्यात," काकू म्हणाल्या. "एकच आहे. मुलगा यमुनेपलीकडचा नको."

राजाभाऊंनी कप चुरगळला. तेवढ्यात धीरज आला. त्याच्या हातात वड्याचं दुसरं खोकं होतं आणि चेहरा सकाळपेक्षा बराच जागा होता. "बाबा, प्रभामावशींनी पुढच्या शनिवारी आपल्याला चहाला बोलावलंय. मी हो म्हटलं. क्षिप्राचं ऑफिस माझ्या ऑफिसच्या समोरच आहे यार, मला माहीतच नव्हतं."

हॉलभर त्यांचं कौतुक चाललेलं असताना राजाभाऊ दुसरं काय म्हणणार होते? "अच्छा," ते म्हणाले.

ते गेल्यावर वैभवी हळूच म्हणाली, "काकू, काल तुम्ही पीठ आणि गहू विचारलंत. तुम्हाला कालच कळलं होतं."

"हो."

"मग मला बोलला का नाहीत?"

खोटं बोलायची काकूंना एकोणीस वर्षांची सवय होती. पण कुणाच्या तरी आजीला आजारी पाडून इथे भागणार नव्हतं. "टेबल राहावं म्हणून," त्या म्हणाल्या. "तू चुकलीस की माझं टेबल राहिलं असतं."

"सगळ्यांसमोर माझं तोंड पडलं असतं."

"पडलं असतं."

"मग आज तरी का बोलला नाहीत?"

"प्रभा चष्मा पुसत होती," काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, "लाडू झालेत. वर जाताना घेऊन जा." वैभवीनं त्या दिवशी लाडू नेले नाहीत. दुसऱ्या दिवशी नेले, आणि एकाऐवजी डबाभर नेले.

त्या आठवड्यात राजाभाऊंच्या फ्लॅटवर छप्पन्न घरांतून फोन आले. आम्ही कधी येऊ, तुम्ही कधी येता, मुलीला तुमची सोसायटी फार आवडली. गुरुवारपर्यंत राजाभाऊंनी तीन घरांना धीरजची बदली होते आहे म्हणून सांगितलं आणि चौथ्या घरात स्वतःच्या दिवंगत आईला आजारी पाडलं. त्या घरची मंडळी त्यांच्या आईच्या तेराव्याला जेवून गेलेली होती. शुक्रवारी संध्याकाळी ते सबनीसांच्या दारात उभे राहिले. एका हातात कपाटाची किल्ली, दुसऱ्या काखेत वही.

"काकू, एवढे फोन तुम्ही घ्या," ते म्हणाले. "हे मला यायचं नाही."

काकूंनी किल्ली घेतली. यायची गरजच नाही, असं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं होतं; पण पाहुणा दारात होता, म्हणून त्या "चहा घेता?" म्हणाल्या.

"कंप्युटर मात्र राहील," राजाभाऊ आत येता येता म्हणाले. "ठराव झालाय."

"राहू दे. पण त्याचा साहेब मी नेमणार."

साहेब वैभवीनं एका संध्याकाळी लिहून दिला. तिनं आजवर लिहिलेल्या फंक्शनांत हे सगळ्यात छोटं. त्यात वय नाही, चष्मा नाही, उंची नाही. फिल्टर प्रत्येक नावाशी थांबायचा, फंक्शनला हाक मारायचा, आणि फंक्शन पडद्यावर नुसतं विचारायचं: ठेवायचं? मग काकूंनी दोनपैकी एक कळ दाबायची. हो म्हणायच्या कळीवर त्यांनी कुंकवाचं बोट लावलं आणि नाही म्हणायच्या कळीवर काजळाची तीट.

"म्हणजे एवढा खटाटोप करून साहेब तूच," नरसिंहराव म्हणाले.

"आणि चपराशी विजेवर चालणारा," काकू म्हणाल्या.

लोक अजूनही अटी घेऊन येत. काकू कागद घेत, वाचत, मान हलवत, आणि घडी घालून टेबलाच्या आखूड पायाखाली सारत. तुळशीचं लग्न होईपर्यंत टेबल डुगडुगायचं थांबलं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी प्रभा दिघे मुलीची चिठ्ठी घेऊन आली. क्षिप्रानं स्वतः लिहिलेल्या अटी. काकूंनी चष्मा लावला. चिठ्ठीत तीन ओळी होत्या, आणि तिन्हींत काय हवं तेच लिहिलं होतं. एकोणीस वर्षांत असा कागद पहिल्यांदाच त्यांच्या हाती आला. रात्री दोनला घरी आल्यावर पानात काहीतरी वाढून ठेवलेलं हवं, मग ते मॅगी का असेना. बोलताना मुलगा बापाकडे न बघता बोलायला हवा. आणि मुलाला मराठी लिहिता यायला हवं, कारण आजीला पत्रं लागतात.

ही चिठ्ठी त्यांनी पायाखाली सारली नाही. समोर ठेवली, आणि मुलांची रांग पडद्यावर घेतली.

राजाभाऊ समोरच्या खुर्चीत बसले होते, मुलाचे बाप बसतात तिथे. टेबलाच्या कडेला धीरज मान खाली घालून नावनोंदणीचा अर्ज स्वतःच्या हातानं मराठीत भरत होता, आणि खोडरबराचा भुसा त्याच्या बाहीवर जमला होता. दोनदा त्यानं वर बघितलं. दोन्ही वेळा बापाकडे नाही, काकूंकडे.

फिल्टर एकेक नाव पुढे आणत होता. काजळ, काजळ, काजळ. मग पडद्यावर सकाळीच चढवलेलं नाव आलं, धीरज टिपणीस, आणि खाली नेहमीचा प्रश्न.

राजाभाऊ खुर्चीत पुढे सरकले. आयुष्यात पहिल्यांदा ते अटींच्या या बाजूला बसले होते. त्यांनी घसा खाकरला. "काकू, दाबा ना."

"थांबा हो," काकू म्हणाल्या. त्यांचं बोट कुंकवाच्या कळीवर होतं, पण नुसतंच टेकलेलं. "अर्ज लिहून होऊ दे त्याचा. यंत्राला काय घाई आहे? साहेब बोलेपर्यंत ते हलत नाही."